तारेच्या आतले सोलापूर

सोलापुरात 'सेटलमेंट' हा शब्द कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. रिक्षावाल्याला तेवढा एक शब्द सांगितला तरी तो बरोबर जागी नेऊन सोडतो. 'सेटलमेंट फ्री कॉलनी नंबर अमुक' असे पत्ते पत्रांवर, शिधापत्रिकांवर आणि शाळेच्या दाखल्यांवर वर्षानुवर्षे लिहिले जात आहेत. फ्री म्हणजे मोकळी. ही वसाहत कशापासून मोकळी, हा प्रश्न मात्र या शहरातल्या किती घरांत विचारला गेला असेल, याविषयी आम्हांस शंका आहे.

ती मोकळी होती तारेपासून. या शहरात काटेरी तारेच्या कुंपणाआड माणसांची एक आख्खी वस्ती इंग्रज सरकारने डांबून ठेवली होती. तिच्यात म्हातारे होते, गरोदर बायका होत्या, पाळण्यातली मुले होती. त्यांतल्या बहुसंख्यांवर कोणताही गुन्हा शाबीत झालेला नव्हता. कैकाडी, पारधी, मांगगारुडी, टकारी, कंजारभाट अशा जमातींत जन्म घेणे एवढाच त्यांचा अपराध. वागणुकीने सरकारचा विश्वास संपादन केलेल्या कुटुंबांना तारेबाहेर राहण्यास मिळे, आणि ती तारेबाहेरची वस्ती म्हणजे 'फ्री कॉलनी'. एका पिढीचे अवघे आयुष्य त्या तारेच्या आतून बाहेर येण्यात खर्ची पडले.

३१ ऑगस्ट हा दिवस विमुक्त जाती 'विमुक्त दिन' म्हणून पाळतात. १९५२ साली याच दिवशी गुन्हेगार जमाती कायदा देशभर रद्द झाला. देश १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र झाला आणि आपल्याच समाजाचा हा भाग पाच वर्षे सोळा दिवस आणखी ताटकळत उभा राहिला. दरवर्षी या दिवशी वस्तीवर कार्यक्रम होतो, हारतुरे होतात, पुढारी येऊन जातात. उरलेले सोलापूर त्या दिवशी नेहमीच्या कामाला लागलेले असते.

तुरुंग म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे अंदमान उभे राहते, आणि ते योग्यच आहे. १९०६ साली पुरा झालेला तो सात पाकळ्यांचा दगडी राक्षस, तो कोलू, बारी साहेबाचा तो माज, १९११ ते १९२१ अशी दहा वर्षे त्या अंधारकोठडीत काढलेले स्वातंत्र्यवीर सावरकर, आणि त्यांच्या आधीपासून तेथे खितपत पडलेले बाबाराव! हे सारे आमच्या पिढीच्या संस्कारांचाच भाग आहे. आपल्यापैकी अनेकांनी मुलाबाळांना घेऊन तेथे जाऊन माथा टेकला आहे. पण अंदमानच्या बंदिवानाच्या छातीवरील बिल्ल्यावर शिक्षा संपण्याचे साल कोरलेले असे. सावरकरांच्या बिल्ल्यावर ते १९६० होते. ते साल क्रूर होते, तरीही ते एक साल होते. सोलापूरच्या तारेआड जन्मलेल्या मुलाला असे कोणतेही साल दिलेले नव्हते. त्याच्यावर खटला झाला नव्हता, त्यामुळे शिक्षेला मुदत नव्हती, आणि मुदत नव्हती म्हणून सुटकेचा दिवसही नव्हता. अंदमानला जाण्यास समुद्र ओलांडावा लागतो. हे बंदिस्थान आपल्याच गिरण्यांच्या भोंग्याच्या टप्प्यात होते, आणि तरी ते आपल्यापासून अंदमानपेक्षा दूर राहिले.

हे घडले कसे, ते नीट पाहिले पाहिजे. १८५७ नंतर इंग्रजाला या देशात फिरत्या माणसाची भीती वाटू लागली. ज्याला गाव नाही, ज्याच्याकडून शेतसारा येत नाही, जो आज येथे तर उद्या दुसरीकडे असतो, त्याच्यावर नजर ठेवायची कशी? आणि नेमका हाच माणूस तोवर गावगाड्याच्या गरजा भागवीत आला होता. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून तो मुलुखभर पोहोचवी, कणग्या आणि टोपल्या विणून देई, जाते-पाटा टाकून देई, रानातली शिकार आणि औषध आणून देई, रात्री गावाची राखण करी. १८६० साली सोलापूरला आगगाडी आली. पुढे तिच्याच जोरावर येथे १८७७ साली पहिली कापडगिरणी उभी राहिली आणि शहराचे भाग्य उजळले, असे आपण अभिमानाने सांगतो. त्याच आगगाडीने बैलांवर ओझी वाहणाऱ्यांचा धंदा बसविला, हे सांगत नाही. जंगल कायद्याने पारध्याचे रान तोडले. राखणदाराची जागा पगारी पोलिसाने घेतली. पोट बुडालेल्या माणसांपैकी काहींनी चोऱ्या केल्या, काहींनी सत्तेविरुद्ध शस्त्र उचलले. १८३२ साली पुण्यात फासावर चढलेले उमाजी नाईक हे आज आपल्याला आद्य क्रांतिकारक म्हणून वंदनीय आहेत. इंग्रजांच्या दप्तरात त्यांची नोंद दरोडेखोर अशी होती, आणि पुढे त्यांची रामोशी जमातच संशयितांच्या यादीत गेली.

१८७१ साली पहिला गुन्हेगार जमाती कायदा झाला. हिंदुस्थानात सुताराचा मुलगा सुतार होतो, लोहाराचा लोहार, तेव्हा चोराचा मुलगा चोरच होणार, असा तर्क त्याच्यामागे होता. आपल्या जातिव्यवस्थेतल्या दोषाचा इंग्रजाने आपल्याच माणसांविरुद्ध असा वापर करून घेतला. तो दोष आपल्यात होता म्हणूनच त्याचे हे साधले, हे कटू असले तरी कबूल केले पाहिजे. हा कायदा प्रथम उत्तरेकडे होता. १९११ च्या नव्या कायद्याने तो मुंबई आणि मद्रास इलाख्यांतही आणला, आणि १९२४ साली आणखी आवळला.

या कायद्याची कलमे आज वाचताना अंगावर काटा येतो. अमुक जमात गुन्हेगार आहे असे सरकारने राजपत्रात छापले की ते अंतिम. कोणत्याही न्यायालयाने त्याविषयी प्रश्न विचारायचा नाही. मग त्या जमातीतल्या माणसांची नोंदवही, बोटांचे ठसे, ठरल्या वेळी हजेरी, गाव सोडण्यास परवाना. परवान्यावाचून आढळला की वॉरंटाशिवाय अटक. १८७१ च्या कायद्यात अशा नियमभंगासाठी सक्तमजुरीबरोबर फटक्यांचीही तरतूद होती. १९११ च्या कायद्याने ठरावीक गुन्ह्यांत दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास किमान सात वर्षे आणि तिसऱ्यांदा ठरल्यास जन्मठेप काळे पाणी ठेवले. तेच कृत्य दुसऱ्या जातीच्या माणसाने केले तर शिक्षा निराळी. चोरीच्या बेतात असल्याच्या नुसत्या संशयावरून तीन वर्षांची कैद होऊ शके. आणि सर्वांत भयंकर कलम मुलांचे. सहा वर्षांवरील आणि अठराच्या आतील मूल आईबापांपासून तोडून निराळ्या संस्थेत ठेवण्याचा अधिकार सरकारला दिला होता. या अधिकाराला मर्यादा घालणारी माता त्या कायद्यात कोठेच नव्हती.

मुंबई इलाख्यात विजापूर, हुबळी, गदग, बारामती अशा अनेक ठिकाणी या वसाहती निघाल्या. सोलापूरची त्यांतली मोठ्यांपैकी एक. ती येथेच का निघाली, याचे उत्तर अवघड नाही. येथे गिरण्या होत्या आणि गिरण्यांना हात हवे होते. परवान्यावाचून शहर सोडता येत नाही, काम सोडले तर पुन्हा तारेआड जावे लागते, असा मजूर कोणत्या मालकाला नको असेल? पहाटे हजेरी, मग गिरणी, संध्याकाळी परत हजेरी. कोणी आजारी असो की घरात मयत असो, नाव पुकारले की 'हजर' म्हणावे लागे.

सोलापूरच्या वसाहतीचा कारभार आरंभीच्या काळात अमेरिकन मराठी मिशनकडे होता. इतर प्रांतांत साल्व्हेशन आर्मीकडे अशा वसाहती दिल्या होत्या. सरकारने माणसे कोंडायची आणि मिशनने त्यांचा आत्मा सुधारायचा, अशी ती वाटणी. कोंडलेल्या माणसाला धर्म शिकविणे हा प्रकार आम्हांस कधीही मान्य होणार नाही. ज्याला उठून जाण्याचीच मोकळीक नाही, त्याच्या ऐकण्याला संमती म्हणता येत नाही. पण याच मिशनऱ्यांनी तेथे शाळा काढल्या, मुलांच्या हाती पाटी दिली, दवापाणी केले, हेही खरे आहे. आणि त्या काळात शहरातल्या किती सनातनी पेढ्यांनी त्या तारेपाशी जाऊन 'ही आमची माणसे आहेत' असे म्हटले, या प्रश्नाचे उत्तर देण्याची वेळ आली की आमची मान खाली जाते. मिशनला दोष देण्याचा अधिकार आपल्याला आहे, परंतु तो आपल्या रिकाम्या हातांची लाज वाटल्यानंतरचा आहे.

या सर्व वसाहतींचा प्रमुख अधिकारी स्टार्ट नावाचा आयसीएस होता. तो निर्दय नव्हता. त्याच्याच अध्यक्षतेखाली पुढे मुंबई सरकारची जी समिती नेमली गेली, तिच्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि ठक्करबाप्पा होते आणि तिचा १९३० सालचा अहवाल दलित व वनवासी बांधवांच्या दृष्टीने महत्त्वाचा मानला जातो. एखादा दुष्ट अधिकारी सापडला की सारा राग त्याच्यावर काढून मोकळे होता येते. येथे तीही सोय नाही. चांगल्या हेतूचे अधिकारी, नेमाने लिहिलेल्या नोंदवह्या आणि भोवती तार! हा तुरुंग सुधारणेसाठी आहे, असे सांगितले जाई. सुधारणा झाली असती तर तो काही वर्षांत रिकामा व्हायला हवा होता. झाले उलटेच. आजोबा तेथे आले, बाप तेथे वाढला, नातू तेथे जन्मला आणि नोंदवहीत तिघांचे ठसे एकाखाली एक उमटले. १९३७ साली मुंबईत लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले तेव्हा कन्हैयालाल मुन्शी यांच्या अध्यक्षतेखाली या कायद्याच्या चौकशीसाठी समिती बसली. तिचा अहवाल १९३९ साली आला, पाठोपाठ महायुद्ध आले आणि मंत्रिमंडळही गेले. तार तशीच राहिली. पुढे १९४९ साली केंद्राने अनंतशयनम् अय्यंगार समिती नेमली आणि तिच्या शिफारशीनंतर कायदा गेला.

तारेआडची माणसे कशी टिकली? सरकारी अहवालांत याचे उत्तर मिळत नाही. ते त्या माणसांकडूनच घ्यावे लागते. याच वसाहतीतून पुढे आलेल्या भीमराव जाधव गुरुजींच्या आत्मकथनाचे नावच 'काटेरी कुंपण' आहे. ज्या घरात ते नसेल त्यांनी ते जरूर मिळवून वाचावे. टिकले ते आपल्या बोलीच्या बळावर. पहारेकऱ्याला न कळणारी स्वतःची भाषा घराघरांत जिवंत होती आणि तीत लेकरांना कुळाच्या गोष्टी सांगितल्या जात. टिकले ते देवदेवतांच्या बळावर. ज्यांना गुन्हेगार ठरवून समाजाबाहेर काढले, त्यांनी भवानी सोडली नाही, खंडोबा सोडला नाही, मरीआई सोडली नाही. हिंदू समाजाने त्यांना विसरावे आणि त्यांनी मात्र हिंदू दैवतांना विसरू नये, हा व्यवहार एकतर्फीच होता. आणि टिकले ते बायांच्या चिवटपणामुळे. नवरा गिरणीत नाहीतर कैदेत, मूल शाळेच्या नावाखाली दूर, अशाही स्थितीत चूल पेटती ठेवणाऱ्या त्या माउल्यांची नावे कोणत्याही फलकावर नाहीत.

सोलापूरला स्मरणशक्ती नाही असे नव्हे. १९३० साली या शहराने लष्करी कायदा पाहिला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन येरवड्याला फासावर गेले. त्यांचे पुतळे शहराच्या मध्यभागी आहेत आणि 'चार पुतळा' म्हणून शाळकरी पोरालाही ते ठाऊक आहेत. त्याच वेळी, त्याच शहरात, त्याच सरकारने काही हजार पावलांवर माणसे कोंडून ठेवली होती. त्यांच्यासाठी एक दगडही नाही.

येथे एक आठवण सांगणे भाग आहे. आम्ही शाळेत होतो तेव्हा तो कायदा रद्द होऊन तिसाहून अधिक वर्षे लोटली होती. वर्गात सेटलमेंटमधून येणारा एक मुलगा होता. अक्षर मोत्यासारखे, गणितात आमच्या पुढे. एकदा वर्गातल्या एका मुलाचा कंपासपेटीतला पाच रुपयांचा गड्डा हरवला. गुरुजींनी काहीही न विचारता प्रथम त्याचे दप्तर उपडे केले. दप्तरात वह्या आणि फडक्यात बांधलेली भाकरी निघाली. पैसे दुसऱ्या दिवशी ज्याचे हरवले त्याच्याच घरी सापडले. गुरुजी त्याबद्दल काही बोलले नाहीत. आम्हीही बोललो नाही. तो मुलगा दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत आलाच नाही. गुरुजी वाईट नव्हते. त्यांच्या मनातली तार कोणी काढली नव्हती, आणि आमच्याही मनातली नव्हती. आज तो कोठे आहे, हे आम्हांस ठाऊक नाही, आणि शोध घेण्याचे धैर्यही इतकी वर्षे झाले नाही.

सरकारने एक कायदा रद्द केला आणि दुसरा हाती घेतला. निरनिराळ्या राज्यांत 'सराईत गुन्हेगार' कायदे आले. मुंबई राज्याचा १९५९ चा. कागदावर ते व्यक्तीपुरते होते, जमातीचे नाव त्यांत नव्हते. पोलीस चौकीतल्या वहीत मात्र वस्ती तीच राहिली. तालुक्यात कोठे घरफोडी झाली की आधी पारध्याच्या पालावर गाडी जाते, हे आपण वर्तमानपत्रांतून वाचतो आणि पान उलटतो. १९९८ साली बंगालमधील पुरुलियात बुधन सबर या तरुणाचा कोठडीत अंत झाला, ते प्रकरण कोलकाता उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि देशाला 'विमुक्त' हा शब्द प्रथम नीट ऐकू आला.

आणि तुरुंगाच्या आतली गोष्ट तर आत्ताआत्ताची आहे. अनेक राज्यांच्या कारागृह नियमावल्यांत जातीवरून कामे वाटण्याची तरतूद होती: अमुक जातीचा कैदी स्वयंपाकाला, अमुक जातीचा झाडूला. काही नियमावल्यांत विमुक्त जमातीच्या माणसाला जन्मावरूनच सराईत किंवा पळून जाण्याचा संभव असलेला समजण्यात येई. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, एका महिला पत्रकाराच्या याचिकेवर, या सर्व तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या आणि नियमावल्या तीन महिन्यांत सुधारण्यास सांगितले. विमुक्त जमातींच्या माणसांना मनमानीपणे अटक होऊ नये, असेही पोलिसांना बजावले. १८७१ चा तर्क २०२४ पर्यंत आपल्या सरकारी पुस्तकांत शाबूत होता, याचा अर्थ काय घ्यायचा? स्वातंत्र्यानंतर सर्व रंगांची सरकारे येऊन गेली. ती पाने फाडण्याची आठवण त्यांतल्या कोणालाही झाली नाही, आपल्या विचारांच्या सरकारांनाही नाही.

आयोग मात्र नेमले गेले. सोलापूरचेच बाळकृष्ण रेणके यांच्या आयोगाचा अहवाल २००८ साली आला. आपल्या परिवारातील ज्येष्ठ कार्यकर्ते भिकूजी इदाते यांच्या आयोगाने २०१८ च्या सुमारास दुसरा दिला. देशात अशा अडीचशेहून अधिक जमाती निघाल्या की ज्या अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती वा इतर मागास यांपैकी कोणत्याच यादीत नाहीत. २०२२ साली केंद्राने यांच्यासाठी पाच वर्षांकरिता २०० कोटींची योजना जाहीर केली. रकमेवर बोलण्यासारखे आहे. पण रक्कम हा दुसरा प्रश्न. दाखला हा पहिला. आमच्या राज्यात विमुक्त जातींत १४ जमाती मोडतात. त्यांतला कैकाडी विदर्भात अनुसूचित जातीचा, आणि तोच सोलापुरात आला की विमुक्त. भाऊ भाऊ, देव एक, बोली एक, सवलती दोन.

तुळजापूर तालुक्यातल्या यमगरवाडीला गिरीश प्रभुणे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पारध्यांच्या मुलांसाठी जे काम उभे केले, ते आमच्या वाचकांना ठाऊक आहे. २०२१ साली प्रभुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आपण सर्वांनी आनंद साजरा केला. त्या आनंदाचा हक्क किती जणांना होता, ते ज्याने त्याने ठरवावे. यमगरवाडीला वर्षातून एकदा सहलीसारखे जाऊन यायचे, मुलांबरोबर छायाचित्र काढायचे, आणि घरी परतल्यावर मोलकरीण ठेवताना 'कुठल्या वस्तीतली?' असे विचारायचे! समरसतेचे काम करणाऱ्या शाखांच्या स्वयंसेवकांकडून आमची साधी अपेक्षा आहे. या वर्षी ३१ ऑगस्टचा कार्यक्रम वस्तीवर होईल तेव्हा तेथे पाहुणे म्हणून जाऊ नये, ऐकण्यासाठी जावे. ऐंशीच्या पुढची जी थोडी माणसे उरली असतील, ज्यांनी लहानपणी ती तार आतून पाहिली, त्यांच्यापाशी बसून ते जे सांगतील ते लिहून घ्यावे. आणखी दहा वर्षांनी हे सांगणारे कोणी असणार नाही.

आणि एक मागणी जिल्हा प्रशासनाकडे आहे. महाराष्ट्रात विमुक्त जातीच्या प्रमाणपत्रासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्यांना हजेरीच्या वेळा सरकारने ठरवून दिल्या, ज्यांनी परवान्यावाचून शहराची वेस ओलांडू नये म्हणून पहारा बसविला, त्यांच्याच नातवंडांना तहसील कचेरीत 'तुमचे आजोबा येथे राहत होते याला पुरावा काय?' असे विचारले जाते. कारकून बिचारा नियम दाखवतो. तोही काय करणार? पुरावा आहे, आणि तो सरकारनेच केलेला आहे. हजेरीपट आहेत, परवान्यांची पुस्तके आहेत, बोटांचे ठसे आहेत. जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात, पोलीस दप्तरात, समाजकल्याणच्या गठ्ठ्यांत, पुराभिलेखागारात त्यांतले जे काही शिल्लक असेल ते शोधून काढावे, त्याच्या प्रती वस्तीत एका जागी ठेवाव्यात आणि तो वास्तव्याचा पुरावा म्हणून ग्राह्य धरला जाईल असे परिपत्रक काढावे. ज्या अंगठ्याच्या ठशाने आजोबाला तारेआड ठेवले, तो ठसा नातीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाला जोडता आला पाहिजे. जून महिन्यात प्रवेश सुरू होतात. त्याच्या आत हे व्हावे.